दीड हात नळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, क्रांती चौक आपल्याला नवा नाही. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला गेला, तो काळा चबुतरा इथलाच. चौकाच्या नावातली क्रांती ती. २०२२ साली इथे शिवाजी महाराजांचा नवा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तेव्हापासून येणारा-जाणारा मान वर करून पाहतो. मी आज तुम्हाला जरा खाली पाहायला सांगणार आहे. बाबा पेट्रोल पंपाकडून सेव्हन हिल्सकडे संध्याकाळी वाहनांची जी रांग लागते, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीच्या पोटात, आणि अलीकडच्या पुष्कळशा पेट्रोल गाड्यांच्याही, दीड-दोन हात लांबीची एक नळी असते. तिच्यातून पेट्रोल वाहत नाही, पाणी नाही, तेलही नाही. वाहते ती नुसती हवा. ही नळी फुटली की गाडी बंद पडत नाही. बंद पडली असती तर बरं, असं म्हणायची वेळ येते. गाडी चालत राहते, पण वरातीतल्या घोड्यासारखी. मागून कितीही हॉर्न वाजोत, तिची चाल काही बदलत नाही.

कवितेचा माणूस गाडीच्या पोटात कशाला शिरला, असं तुम्ही विचाराल. कारण घरचंच आहे. माझ्या बहिणीचा मुलगा पाहुण्यांना वेरूळ-अजिंठ्याला नेतो-आणतो. सात जण बसतील अशी डिझेल गाडी, आठेक वर्षांची, हप्ते नुकतेच फिटलेले. गाडीचं नाव मी सांगणार नाही, कारण गोष्ट एका गाडीची नाहीच. थंडीचे चार महिने हा त्याचा हंगाम. उरलेले आठ महिने तो या चार महिन्यांच्या जिवावर काढतो. गेल्या डिसेंबरात, ऐन हंगामात, त्याची गाडी क्रांती चौकाच्या उड्डाणपुलावर चढता चढेना. मागे काळा धूर, आतून बारीक शिट्टीसारखा आवाज. रिकामी असताना ठीक. सहा माणसं बसली आणि चढ आला, की कण्हायला लागायची. अशा गाडीनं कन्नडचा औट्रम घाट कसा चढायचा? आणि चढताना समोरून वाहन येत असेल, ओव्हरटेक अर्ध्यावर असेल, आणि तेव्हाच गाडीनं दम सोडला तर?

आता ही नळी करते काय, ते सांगतो. सायकलच्या पंपानं हवा भरताना पंपाचा खालचा भाग हाताला चटका देतो, हा अनुभव आपल्या पिढीतल्या प्रत्येकाला आहे. हवा दाबली की तापते. टर्बो म्हणजे असा एक पंपच. फक्त तो पायाने नाही, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या धुरावर चालतो. धूर एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाख, दीड लाख फेरे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली ही कल्पना मांडून पेटंट घेतलं. मोटारगाडीत ती यायला मात्र १९६२ साल उजाडलं. अमेरिकेत त्या वर्षी ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोले या दोघांनी टर्बोच्या गाड्या आणल्या. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करवून घ्यायचं, हा विचार मला फार आवडतो. आपल्याकडच्या बायका भाताची पेजसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, त्याच जातीचा विचार आहे हा.

पण अडचण त्या चटक्याची. बाहेर ३५ अंश तापमान असेल, तर टर्बोतून दाबून निघालेली हवा दीडशे अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा फुगते, विरळ होते. म्हणजे दाबून कोंबण्याचा अर्धा फायदा तिथेच गेला. म्हणून मध्ये एक जाळी बसवतात. दिसायला रेडिएटरची धाकटी बहीण, पण आत पाण्याऐवजी हवा. तिला म्हणतात इंटरकूलर. समोरून येणाऱ्या वाऱ्यानं आतली हवा साठेक अंशांपर्यंत निवते, आणि मग तेवढ्याच जागेत सव्वापटीहून जास्त हवा मावते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत एक नळी, इंटरकूलरपासून इंजिनापर्यंत दुसरी. पहिली गरम, दुसरी कोमट. आमची फुटली होती पहिली.

फुटली होती हे कळायलाच तीन दिवस गेले. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये संगणक लावला. त्याने पी ०२९९ असा आकडा दाखवला. या आकड्याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही. वर्कशॉपने त्याचा अर्थ काढला, टर्बो बदला. चाळीस-पन्नास हजारांचं काम. भाच्याचा चेहरा पाहून माझ्यानं राहवलं नाही, आणि मी त्याला क्रांती चौकातून पैठण गेटकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच्या एका गल्लीत घेऊन गेलो. तिथे एक उस्ताद बसतात. सत्तरीचे आहेत, मिशा पांढऱ्या, हात काळे. त्यांनी संगणक लावला नाही. इंजिन चालू करायला सांगितलं, भाच्याला ॲक्सिलरेटर दाबून धरायला लावलं, आणि स्वतः एका हातात साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन वाकले. नळीच्या खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, बुडबुड्यांचा फेस आला. फट केसाएवढी. इंजिन मंद चालू असताना ती मिटलेली असते; दाब वाढला की ओठ उघडते. उस्ताद म्हणाले, "मियां, टर्बो बिचारा तो काम कर रा. कमाई रस्ते में लुट री."

दखनीतलं हे वाक्य मराठीत आणायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही. ते तसंच ठेवतो.

आणि काळा धूर का, तेही त्यांनीच समजावलं. गाडीचा मेंदू किती हवा आत आली ते टर्बोच्या अलीकडेच मोजतो आणि त्या हिशेबानं डिझेल सोडतो. मोजलेली हवा वाटेत गळाली, की डिझेल जास्त आणि हवा कमी. न जळलेलं डिझेल धूर होऊन जातं. म्हणजे या फटीतून दमच नाही, पैसाही गळत होता.

नवी नळी मागवायला गेलो, तर उत्तर मिळालं तीन आठवडे, आणि किंमत अशी की त्यात एक बरी सायकल यावी. नळी धातूची नव्हतीच. प्लॅस्टिकची, दोन्ही टोकांना रबर. हे मॉडेल आता निघत नाही, त्यामुळे सुटा भाग कुठून तरी लांबून येणार. श्रोतेहो, मला इथे थोडं विषय सोडून बोलू द्या. आपलं शहर म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांचं माहेर. १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना आहे. त्याच्या आसऱ्याने कितीतरी पुरवठादार कारखाने उभे राहिले. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जुळवायला सुरुवात झाली, आणि ऑक्टाव्हियाबरोबर टर्बो हा शब्द आपल्या चहाच्या टपरीवर येऊन बसला. २०१० साली तर इथल्या लोकांनी एकजुटीने एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या, ती बातमी साऱ्या देशाने वाचली. असं हे शहर. आणि त्या शहरात एका ड्रायव्हरला दीड हात नळीसाठी तीन आठवडे थांबायला सांगतात. मी कोणाला दोष देत नाही. मोठा कारखाना लाखाच्या हिशेबात विचार करतो, त्याला एकाची भाषा येत नाही. एकाची भाषा येते ती उस्तादांसारख्यांना.

उस्ताद म्हणाले, लोखंडी करू. म्हणजे धातूची करू. त्यांच्या लेखी सगळे धातू लोखंडीच. पण कुठल्या धातूची, यावर त्यांनी जो विचार केला तो मी एखाद्या संपादकालाही शब्दांवर करताना पाहिलेला नाही. साधी लोखंडी नळी स्वस्त, कुठेही मिळते, वेल्डिंग सोपं. पण गंजते, आणि गंजाची खपली सुटली की हवेबरोबर पुढे जाते. पुढे कोण आहे? इंजिन. नळाला वापरतात तो जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर नकोच. त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा विषारी धूर निघतो आणि आतला मुलामा कुठे कुठे सुटतो. प्लंबरकडचा पीव्हीसी कोणी लावला होता, त्याची कथा त्यांनी हसत सांगितली. दीडशे अंशांच्या हवेसमोर पीव्हीसी म्हणजे उन्हातली मेणबत्ती. अॅल्युमिनियम हलकं, स्टेनलेस स्टीलच्या एक-तृतीयांश वजनाचं, आणि वळायला सोपं. शर्यतीच्या गाड्यांना तेच लावतात. पण त्याला आर्गन वेल्डिंगचा चांगला हात लागतो, आणि वेल्डिंग झालं तरी इंजिनाच्या थरथरीनं जोडापाशी तडा जायची भीती असते. उरलं स्टेनलेस, ३०४ नंबरचं. जड आहे खरं. पण गंजत नाही, आणि त्याची एक खुबी अशी की ते उष्णता सहजी आरपार जाऊ देत नाही. इंजिनच्या भट्टीशेजारून जाताना ही गोष्ट वाईट नाही.

मग प्रश्न आला कुठून आणायचं. मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, तिथे कोणाला तरी पाठवू, असं भाच्याचं म्हणणं. स्टेनलेसच्या नळ्यांचे व्यापारी कुंभारवाड्यात, सी. पी. टँकला, ओळीनं बसलेत, हेही खरं. उस्तादांनी मान हलवली. म्हणाले, चिकलठाण्याला जाऊ.

आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गमतीची गोष्ट कळली. आपल्याकडे औषधांचे कारखाने आहेत, बीअरचे आहेत, दुधाचे आहेत. या तिघांनाही लागतात त्या चकचकीत, आतून गुळगुळीत, पातळ भिंतीच्या स्टेनलेसच्या नळ्या, म्हणजे आत काही चिकटून राहायला नको. बाहेरून मोजलं तर ५१ मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. त्याहून मोठी साडेत्रेसष्ट मिलिमीटर. भिंत दीड-पावणेदोन मिलिमीटरची. तयार वळणंही मिळतात. धंद्यात त्याला डेअरी बेंड म्हणतात. नव्वद अंशांचं, पंचेचाळीस अंशांचं. आतल्या अंगाला सुरकुती नाही, बाहेरच्या अंगाला चपटेपण नाही. आणि गाडीच्या या नळीला नेमकं हेच लागतं, कारण वळणावर नळी चेपली की हवा अडते. घरगुती पाइप वाकवण्याचं यंत्र आहे ना, वायरिंगवाले वापरतात ते, त्याने वाकवलेली नळी कोपऱ्यात चपटी होते. पाणी जाईल तिथून, ही हवा कुरकुरते.

चिकलठाण्यातल्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये आम्ही गेलो. मालक साठीचे, कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. कोपऱ्यात बीअरच्या एका कारखान्यासाठी केलेल्या कामातले उरलेले तुकडे पडले होते. माळकरी मालक, नमाजी उस्ताद, आणि दोघे मिळून बीअरच्या नळीचं वळण पारखताहेत. मी ते बघून हसलो, तेव्हा मालक म्हणाले, "काय सर, नळी कोरी आहे. तिला अजून काही पाजलेलं नाही." उस्तादांना ते दखनीत समजावून सांगावं लागलं नाही, चाळीस वर्षं ते एकमेकांची मराठी-दखनी समजतात.

त्यांनी गाडीतून काढलेली फुटकी नळी जमिनीवर ठेवली, खडूनं तिची बाह्यरेखा काढली, आणि नव्वदचं एक वळण, पंचेचाळीसची दोन, मध्ये सरळ वीतभर तुकडा, असे तुकडे त्या रेघेवर मांडत बसले. जसा कुणी वृत्ताचे गण जुळवत बसावा. एक वळण जास्त झालं की हवेला एक ठेच जास्त. म्हणून दोन पंचेचाळीसच्या जागी एकच साठचं करता येईल का, यावर अर्धा तास वाद. शेवटी नव्वदचं वळण करवतीनं कापून त्याचं साठचं केलं. एक कप चहा झाला, दुसरा झाला. मोजमाप मात्र गाडीवरच घ्यायचं, असा उस्तादांचा आग्रह. तुकडे आधी नुसते टाचून, गाडीत बसवून, बोनेट लावून पाहायचे, एक्झॉस्टच्या तापलेल्या भागापासून दोन बोटं अंतर राहतं का बघायचं, आणि मगच पक्कं वेल्डिंग. त्याप्रमाणे आम्ही चिकलठाण्याहून क्रांती चौक आणि परत अशा दोन खेपा केल्या. रिक्षात माझ्या मांडीवर ती टाचलेली नळी होती. सहप्रवाशांनी हे कुठलं वाद्य म्हणून विचारलं.

वेल्डिंगच्या वेळी फॅब्रिकेटरने नळीच्या दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबून आतूनही आर्गन वायू सोडला. का, तर बाहेरून सुबक दिसणारा जोड आतल्या बाजूनं हवेशी जळून खरबरीत, काळा होतो, त्याचे कण सुटतात. हे बाहेरून कुणालाही दिसणार नव्हतं. नंतर ब्रश, कॉम्प्रेसरची हवा, आणि शेवटी जुन्या लुंगीचा बोळा दोरीला बांधून या तोंडातून त्या तोंडात तीनदा ओढला. तिसऱ्या वेळी बोळा पांढरा निघाला तेव्हा थांबले.

पण नळी झाली म्हणजे काम झालं, असं आम्हाला वाटलं होतं. उस्तादांचं खरं काम त्यानंतर सुरू झालं. "पाइप तो कोई भी बना देगा," ते म्हणाले, "जोड किसका, वो पूछो."

तुम्ही जरा हिशेब करा. नळीचं तोंड ५१ मिलिमीटरचं, म्हणजे तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ झालं साधारण २० चौरस सेंटिमीटर. या गाडीचा टर्बो चढावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलोच्या आसपास दाब देतो. म्हणजे वळणापाशी ही हवा नळीला तिच्या जोडातून बाहेर ढकलते ती जवळजवळ ३० किलोच्या जोराने. अर्ध्या पोत्याहून जास्त. नळी मोठी घ्या, साडेत्रेसष्टची, तर हा जोर ४५ किलोंच्या पुढे जातो. पुष्कळ हौशी तरुण गाडी जोरात पळावी म्हणून जाड नळी बसवतात. नळीबरोबर जोडावरचा भारही वाढला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि हा भार एकसारखा नाही. पाय दाबला की येतो, पाय उचलला की जातो, दिवसातून हजारदा. त्यात इंजिनातून येणारं तेलाचं बारीक धुकं या नळीत असतंच. तेलकट गुळगुळीत नळीवर रबर चढवलं तर ते साबणावरून पाय घसरावा तसं घसरतं.

म्हणून नळीच्या टोकाशी एक कडं उठवतात. नळीचा काठ आतून दाबून बाहेर फुगवलेला, जेमतेम दोन मिलिमीटरचा उंचवटा. बांगडी हातातून सहजी निघू नये म्हणून मनगटापुढे हाताचा पंजा असतो, तसा. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांवर ज्या गोल कड्या उठवलेल्या असतात ना, तेच तंत्र. पण कोठीचा पत्रा पातळ, त्यांच्या यंत्रात ही नळी चालत नाही. फॅब्रिकेटरने ती लेथवर धरून आतून रोलर दाबत कडं उठवलं. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. हे कडं टाळून नुसता क्लँप कचकचून आवळणारे मेकॅनिक मी नंतर पाहिले. मला आता त्यांच्या हातात गाडी द्यायची भीती वाटते.

कड्यावर होज चढतो. तिथेही एक फसगत आहे. रेडिएटरचा काळा होज त्याच मापाचा मिळतो, स्वस्त मिळतो, आणि दिसायला दणकट असतो. पण तो पाण्यासाठी बनवलेला. तेलाचं धुकं लागलं की काही महिन्यांत फुगून मऊ पडतो. सिलिकॉनचा होज दीडशे-पावणेदोनशे अंश सहन करतो, आणि आत कापडाचे चार थर असले की दाबाने फुगत नाही. त्याला तेल मात्र झिरपतं, बाहेरून ओशट दिसतो. आतून फ्लोरोचं अस्तर असलेला घेतला तर तेही टळतं. बाजारात निळे-लाल सुंदर होज मिळतात. रंगावर जाऊ नका, कापलेल्या टोकाकडे बघा. थर मोजता येतात.

होजवर येतो क्लँप. आपल्या गॅरेजात त्याला सर्रास जुबली क्लिप म्हणतात. पट्टीवर खाचा, एक स्क्रू फिरवला की आवळत जाते, ती. मला वाटायचं हा शब्द सिल्व्हर ज्युबिली सिनेमांच्या काळात आला असेल, किंवा आपल्या ज्युबिली पार्कावरून. तसं नाही. इंग्लंडच्या आरमारातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरनं ही पट्टी काढली, १९२१ साली तिला पेटंट मिळालं, आणि ज्युबिली हे तिचं विक्रीचं नाव. शंभर वर्षांत ती इतकी घरची झाली की तिचं गाव कोणी विचारत नाही. पाण्याच्या नळाला ही क्लिप उत्तम. पण सिलिकॉन मऊ असतं. या पट्टीच्या खाचांत ते घुसतं, कापलं जातं, आणि स्क्रूपाशी दाब एकीकडे जास्त पडतो. म्हणून टर्बोच्या नळीला रुंद सपाट पट्टीचा, नट-बोल्टने आवळायचा टी-बोल्ट क्लँप लावतात. तो सगळीकडून सारखा दाबतो. आणि तो बसवायचा कड्याच्या मागे, कड्यावर नाही. कड्यावर बसवला की त्याचा पाया डुगडुगतो. मीसुद्धा हे आधी उलटं समजलो असतो. उंचवट्यावर आवळलं की जास्त घट्ट, असं वाटणं साहजिक आहे.

एवढं झाल्यावर उस्तादांनी मला इंजिन हलवून दाखवलं. गाडी चालू, ब्रेक दाबलेला, आणि भाच्याने झटका देऊन ॲक्सिलरेटर दिला, तर सगळं इंजिन बोटभर सरकलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, ते हलणारच. इंटरकूलर मात्र गाडीच्या सांगाड्याला पक्का. हलणाऱ्याला न हलणाऱ्याशी ताठ नळीनं बांधलं, तर काहीतरी तुटणार: नळीचं वेल्डिंग, नाहीतर इंटरकूलरचं तोंड. म्हणून नळीचा आधार, म्हणजे ब्रॅकेट, एकाच बाजूला द्यायचा. उस्तादांनी तो इंजिनाला दिला, मध्ये रबरी बुश घालून. आणि इंटरकूलरकडच्या टोकाला मध्यभागी फुगवटा असलेला होज लावला, म्हणजे हलायला जागा राहिली. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना छोटे कान वेल्ड करून त्यांच्यात एक पट्टी बांधली. क्लँप दगा देईल तेव्हा ती पट्टी धरेल. अशी पट्टी मूळच्या नळीला नव्हती.

माझं लहानपण पनचक्कीजवळच्या वस्तीत गेलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ती चक्की १७४४ सालची. डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी येतं, दाबाने उंच भिंतीत चढतं, हौदात कोसळतं, आणि फकिरांच्या, वाटसरूंच्या भाकरीसाठी त्यावर पीठ दळलं जायचं. त्याआधी शतकभर मलिक अंबरने अशाच नळांची नहर शहराला दिली. शाळेत आम्हाला मलिक अंबरचं नाव पाठ होतं. नळाला नळ जोडून चुन्यात पक्का करणाऱ्या गवंड्यांचं नाव पाठ करायला कोणी दिलं नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. त्या दिवशी गल्लीत उकिडवं बसून मी हे पाहत होतो, तेव्हा ते गवंडी मला पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसले. तेही असेच भांडले असतील, हे वळण कमी करता येईल का म्हणून.

एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ऐकणाऱ्यांत तरुणही असतील. फुटलेल्या नळीच्या जागी त्याच मापाची मजबूत नळी घालणं ही दुरुस्ती. नळीबरोबर मोठा इंटरकूलर, वाढीव दाब, संगणकात फेरफार, हा दुसराच मामला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत ते स्पष्ट केलं आहे. विमा कंपन्या हे कलम तोंडपाठ ठेवतात.

गाडी सजली. उस्तादांनी टर्बोचं तोंड बंद करून नळीत कॉम्प्रेसरची हवा सोडली, बेतानेच, कारण टायर भरायचा दाब इथे सोडला तर इंटरकूलरच फाटायचा. पुन्हा साबणाचं पाणी. कुठेही बुडबुडा नाही. सगळा खर्च साडेपाच हजारांच्या आत झाला, आणि त्यातले दीड हजार होज व क्लँपचे. मी म्हटलं, उस्ताद, गॅरंटी लिहून देता का? ते म्हणाले, "लिखना तुम्हारा काम, मियां."

गेल्या वर्षी बिडकीनला विजेच्या दुचाक्यांच्या कारखान्याचं काम चालल्याचं कुणीतरी गल्लीत सांगत होतं. विजेच्या गाडीला टर्बो नाही, इंटरकूलर नाही, ही नळीही नाही. उस्तादांनी ऐकून घेतलं. त्यांच्या हाताखाली दोन पोरं आहेत, एक आयटीआयचा वेल्डर, एक शाळा सोडलेला. त्या दोघांना त्यांनी एकच गोष्ट विचारली: विजेच्या गाडीत काही हलतं का, आणि काही न हलणारं असतं का? पोरं म्हणाली, असतं. मग जोडही असणार, असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

निघताना त्यांनी पांढऱ्या रंगाची बाटली काढली आणि काडीने प्रत्येक जोडावर एक बारीक रेघ ओढली; अर्धी होजवर, अर्धी नळीवर. होज तापून-निवून जरा बसतो, क्लँप सैल पडतो, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर एकदा आवळायचं. आणि तोवर रोज सकाळी बोनेट उघडून रेघ बघायची. रेघ सरळ असेल तर पाहुणे घ्यायचे. तुटून बाजूला सरकली असेल, तर होज नळीवरून सरकतोय. भाचा दुसऱ्याच दिवशी पाच पाहुणे घेऊन अजिंठ्याला गेला, आणि त्या आठवड्यात औट्रम घाटही चढून आला. पाचशे किलोमीटरनंतर तो आवळून घ्यायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. नट पाव फेरा फिरला. चारही रेघा सरळ होत्या.